शब्दांशिवाय मेंदूची परीक्षा

आगाशीकडच्या वाडीतले सत्तरीचे एखादे आजोबा डोळ्यांपुढे आणा. राजेळी केळी वाळवून सुकेळी करण्यात आयुष्य गेले. जुने भाव आठवतात, नातवंडांची नावेही; पण कोणत्या कामानंतर कोणते, हा क्रम चुकू लागतो. प्रश्नाचे उत्तर बरोबर येते, फक्त उशिरा. घरचे म्हणतात, वय झाले.

दर वेळी ते वयच असते असे नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जाड, अरुंद होतात. अल्झायमरमध्ये बहुधा स्मरणशक्ती आधी ढासळते. इथे आधी मंदावतो तो विचाराचा वेग, बिघडते ते नियोजन. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात खरे, पण तेवढेच डाग असलेला एक जण बँकेचे व्यवहार नीट करतो, दुसऱ्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत.

मग बुद्धीच्या चाचण्या घेतल्या जातात. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा. वसईत घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा, चौथीत शाळा सुटलेला माणूस इथे अडखळला, तर दोष आजाराचा की प्रमाण भाषेचा आणि पाटी-पेन्सिलीचा?

म्हणूनच संशोधकांचे लक्ष ईईजीकडे, म्हणजे मेंदूलहरींच्या आलेखाकडे गेले आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. डोळे मिटून जागे असताना सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी ठळक दिसतात. रक्तवाहिन्यांच्या आजाराने आकलन घटलेल्या रुग्णांत त्या मंदावतात आणि थीटा, डेल्टा या संथ लहरी वाढतात.

दुसरी युक्ती आणखी सोपी. कानात एकसारखे ‘टिक टिक’ वाजते, मध्येच वेगळा आवाज येतो. तो ऐकला की बटण दाबायचे. मेंदूने फरक ओळखला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक लहर उमटते. तिचे नाव पी-३००. आकलन मंदावले की ती उशिरा येते. वाचता येण्याची गरज नाही. ऐकू मात्र नीट यायला हवे.

पण केवळ ईईजीवरून स्मृतिभ्रंशाचे निदान करून देतो असे कोणी सांगितले, तर सावध राहावे. डुलकी, झोपेच्या गोळ्या, अल्झायमरसुद्धा लहरी संथ करतात. ही तपासणी एमआरआय आणि चाचण्यांच्या जोडीची. त्याच माणसाचा जुना आलेख हाताशी असेल, तर ती अधिक उपयोगी.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण इथे अजून काही हातात असते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२०च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सौम्य आकलनदोषाचा धोका १९ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, वृद्धांचा रक्तदाब किती उतरवायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

ईईजीला जाताना आजोबांचे डोके धुतलेले असावे, तेल न लावता. तेलकट केसांत इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत.