मधुमेह, करोना आणि फुप्फुसे
2021मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत जाफराबादपासून मुंबईपर्यंत एकच प्रश्न कानी येई: ‘स्कोअर किती?’ सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या पाच भागांना बाधेनुसार प्रत्येकी 0 ते 5 गुण देतात, एकूण 25.

मधुमेहींसाठी हा प्रश्न अधिकच काळजीचा. रक्तातली साखर सतत वाढलेली असली की प्रतिकारशक्ती दुबळी पडते, फुप्फुसांतली सूज आवरत नाही. म्हणून मधुमेहींचा न्यूमोनिया गंभीर होण्याचा धोका जास्त. शिवाय करोनाने साखर वाढते, उपचारातल्या स्टिरॉइडनेही वाढते. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराला तेवढेच निमित्त पुरते.

घरात मधुमेही असेल आणि ताप-खोकला आला, तर साखर रोज तपासा. गोळ्या, इन्सुलिन मनाने बंद करू नका. धाप लागली किंवा ऑक्सिजन 94 टक्क्यांखाली गेला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.