दोन स्विचमध्ये दोन केबल: लिंक ॲग्रिगेशनचं काम घेण्याआधी हे वाचा

सीसीटीव्ही आणि ऑफिस नेटवर्किंगचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमी येतो. "सर, कस्टमर म्हणतो नेटवर्क स्लो आहे. दोन स्विचमध्ये अजून एक केबल टाकली की स्पीड डबल होईल ना?"

नुसती केबल टाकली तर स्पीड डबल होत नाही, उलट अख्खं नेटवर्क झोपू शकतं. कारण दोन स्विच दोन केबलने जोडले की लूप तयार होतो. एक ब्रॉडकास्ट मेसेज त्यात गोल गोल फिरत वाढत जातो. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर तो दुसरी केबल ब्लॉक करून तुम्हाला वाचवतो. पण मग ती केबल नुसती पडून राहते.

मग लिंक ॲग्रिगेशन म्हणजे काय?

दोन किंवा जास्त केबल मिळून एकच लिंक आहे, असं दोन्ही स्विचना सांगणं. यासाठी एलएसीपी नावाचा प्रोटोकॉल आहे. तो २००० साली आयईईईच्या ८०२.३एडी या स्टँडर्डमध्ये आला, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विचही त्यावर जुळतात. टीपी-लिंकच्या मेनूत याला 'लॅग' म्हणतात, सिस्कोमध्ये 'इथरचॅनेल'. साध्या अनमॅनेज्ड स्विचवर हे होत नाही. स्मार्ट किंवा मॅनेज्ड स्विच लागतो.

एक गोष्ट कस्टमरला आधीच सांगा. टोल नाक्यावर दोन लेन असल्या तरी एक ट्रक एकाच लेनमधून जातो. तसंच इथे आहे. एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर एक फाईल कॉपी केली, तर ती एकाच केबलने जाणार, म्हणजे १ जीबीपीएसच मिळणार. फायदा होतो तो एकाच वेळी अनेक जण काम करतात तेव्हा. आणि एक केबल तुटली तर काम थांबत नाही, हा दुसरा मोठा फायदा.

करायचं कसं?

१. ऑफिस सुटल्यावर काम करा. दोन स्विचमधल्या केबल आधी काढून ठेवा.

२. दोन्ही बाजूंना निवडलेले पोर्ट सारखे हवेत: स्पीड तोच, व्हीलॅन तेच.

३. लॅपटॉप त्या त्या स्विचला थेट लावा. लॅग ग्रुप तयार करा, प्रकार एलएसीपी निवडा, पोर्ट जोडा. मोड दोन्हीकडे 'ॲक्टिव्ह' ठेवा. दोन्हीकडे 'पॅसिव्ह' ठेवलं तर दोघंही समोरच्याची वाट बघत बसतात, लिंक जुळतच नाही.

४. व्हीलॅनची सेटिंग लॅग ग्रुपवर पुन्हा तपासा. आता सेव्ह करा.

५. मगच केबल लावा आणि दोन्ही पोर्ट ग्रुपमध्ये आलेत का, ते स्टेटसमध्ये बघा.

६. पिंग चालू ठेवून एक केबल काढा. एखाद-दुसरा पिंग चुकेल, पण पुढे चालू राहिला पाहिजे. ती लावून दुसरी काढून बघा. ही टेस्ट कस्टमरसमोरच करा.

माझी चूक

चौथ्या पायरीतलं 'सेव्ह' मी एकदा विसरलो होतो. एका होलसेल दुकानात काम केलं, सगळं मस्त चाललं, पैसे घेऊन घरी आलो. रात्री लाईट गेली. स्विच परत चालू झाला तेव्हा एका बाजूची सेटिंग पुसली गेली होती, स्पॅनिंग ट्रीही बंद होतं. दोन केबल मात्र तशाच लावलेल्या! सकाळी बिलिंग ठप्प, काउंटरवर गर्दी. फोनवरून एक केबल काढायला सांगितली तेव्हा कुठे काम सुरू झालं. त्या दिवशी मालकाने मला एक शब्द सुनावला नाही, पण पुढचं कामही दिलं नाही.

तेव्हापासून तीन नियम पाळतो. सेव्ह करून स्विच एकदा रीस्टार्ट करून बघायचा, स्पॅनिंग ट्री चालू ठेवायचं आणि दोन्ही केबलना लेबल लावायचं.

विकण्याआधी हिशोब करा

समजा २४ कॅमेरे आहेत, प्रत्येकी ४ एमबीपीएस. एकूण झाले ९६ एमबीपीएस. १ जीबीपीएसच्या एका केबलचा हा दहावा भागसुद्धा नाही! इथे स्पीडसाठी लॅग विकणं म्हणजे कस्टमरचे पैसे वाया घालवणं. केबल तुटण्याची भीती असेल तर जरूर करा, पण दुसरी केबल वेगळ्या मार्गाने टाका. एकाच पाइपमधल्या दोन्ही केबल उंदीर एकाच रात्रीत कुरतडतो.

"तुम्हाला याची गरज नाही," असं कस्टमरला सांगायची तयारी ठेवा. आजचं बिल लहान होईल, पण पुढचा स्विच घेताना तो तुम्हालाच फोन करेल.