श्वानपैदाशीचे नियम आणि राखणीचा कुत्रा

कसारा घाटाखालील पाड्यांत कुत्रा हा हौसेचा प्राणी नव्हे. खळ्यावरील भात, गोठ्यातील करडे व कोंबड्या यांची रात्रीची राखण त्याच्याकडे असते. बिबट्याचे पहिले भक्ष्यही पुष्कळदा तोच ठरतो. तेव्हा कुत्र्यांच्या पैदाशीवर सरकारी नियंत्रण आले, असे कानी पडताच दारच्या कुत्रीला पिल्ले झाली तरी परवाना काढावा लागेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती निराधार आहे.

प्राण्यांच्या क्रूर वागणुकीस आळा घालणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली केंद्र सरकारने 2017 साली श्वानपैदास व विक्रीचे नियम केले. विशिष्ट जातीची कुत्री विक्रीसाठी पैदा करणारे व त्यांचा व्यापार करणारे यांनाच ते लागू आहेत. अशांनी राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असून ती 2 वर्षे चालते. 18 महिने पुरे होण्यापूर्वी कुत्री पैदाशीस लावू नये, वर्षात एकच वेत घ्यावे, आयुष्यात 5 हून अधिक घेऊ नयेत व 8 आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, ही त्यांतील मुख्य कलमे होत. कुत्री सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते. विक्रीच्या लोभाने प्रत्येक माजास वेत घेतल्यास ती खंगते व पिल्लेही अशक्त निपजतात.

यावर आक्षेप आहेत, व ते वजनदार आहेत. लातूरकडील कारवानी व पश्मी ही शिकारी कुत्री शेतकरी व पशुपालक कुटुंबांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांना 5,000 रुपये शुल्क व नोंदवह्यांचा व्याप कसा पेलावा? शिवाय 6 महिन्यांवरील कुत्रे नसबंदीवाचून केवळ नोंदणीकृत पैदासकारासच विकता येते. त्यामुळे देशी वंश आटेल, अशी भीती व्यक्त होते. 1933 साली मुंबई प्रांतात निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाचा कायदा झाला, त्याचा हेतू जात सुधारणे हा होता. येथे हेतू जनावराचे हाल टाळणे हा आहे. म्हणून देशी जाती राखणाऱ्या लहान पालकांस शुल्कात सवलत देणे न्याय्य ठरेल. वेतांची मर्यादा मात्र कोणासाठीही सैल करू नये.

8 आठवड्यांचे कलम पाळण्यास तर पैसाही लागत नाही. लवकर तोडलेल्या पिल्लास आईचे दूध पुरेसे मिळत नाही, आणि खेळताना चावा कोठे आवरावा हे आई व भावंडांकडून शिकावयाचेही राहून जाते. राखणीसाठी पिल्लू निवडताना शक्यतो त्याची आई पाहावी. ते 3 महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी व पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा देत जावी.