कोंबडी आमची, घड्याळ तिचं!

बालमित्रांनो, कोंबड्या पाळणं म्हणजे काय मोठंसं? अंगणात मूठभर दाणे टाकायचे, संध्याकाळी खुराड्यात कोंडायच्या आणि सकाळी अंडी उचलायची, झालं! असंच वाटतं ना तुम्हाला? आम्हालाही अगदी असंच वाटत होतं. पण मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरी एक दिवसाची 12 पिल्लं आली आणि त्यांनी आमची शाळाच घेतली.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. घरात आजी, आठवीतली ताई, पाचवीतला धाकटा आणि आम्ही दोघं. आजीनं तिच्या माहेरी गावठी कोंबड्या पाहिलेल्या. बाकी आम्ही सगळे नवशिके. पिल्लं आणली ती 'वनराज' जातीची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं ही जात खास अंगणात पाळण्यासाठी तयार केली आहे. आता ऐका आमच्या फजितीची गोष्ट.

धडा पहिला : उजेड म्हणजे ऊब नव्हे

एका मोठ्या खोक्यात भाताचं तूस पसरलं, वर दिवा टांगला, वाडग्यात पाणी ठेवलं आणि आम्ही खुशाल झोपलो. सकाळी पाहतो तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. खाली दबलेलं एक पिल्लू उठलंच नाही. पाण्याच्या वाडग्यात आणखी एक बुडालेलं.

आजीनं दिव्याला हात लावला आणि म्हणाली, "अरे, हा तर गार आहे! यानं पिल्लांना ऊब कशी मिळणार?"

खरंच की! आम्ही लावला होता एलईडी दिवा. तो वीज वाचवतो, कारण ती उष्णतेत फारशी वाया घालवत नाही. पण पिल्लांना हवी होती नेमकी तीच उष्णता. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. एरवी हे काम आईच्या पंखांखाली होतं. मग माळ्यावरून जुना, तारेचा पिवळा बल्ब शोधून काढला. पाण्यासाठी उथळ ताटली घेतली आणि तिच्यात गोटे टाकले, म्हणजे पिल्लांची चोच बुडेल, पण पिल्लू बुडणार नाही.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही बरं का! पिल्लंच सांगतात. ती दिव्याखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडतं आहे. आणि खोकाभर पसरून टिपत फिरत असली तर सगळं झकास!

धडा दुसरा : 'उद्या बघू' म्हणायचं नाही

पिल्लं मोठी झाली तशी परसात चिऱ्यांचं खुराडं बांधलं. पुढच्या बाजूला जाळी लावली, दाराला कडी बसवली. तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून आत जातात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून उजेड असतानाच त्या घर गाठतात. आपण फक्त कडी लावायची. हे काम धाकट्यानं हौसेनं मागून घेतलं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. त्या संध्याकाळी क्रिकेट रंगलं होतं, मग वळवाचा पाऊस आला. अंथरुणात पडल्यावर धाकट्याला आठवलं, कडी राहिली! पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि काळोखही होता. 'एक दिवस काय होतंय' असं म्हणून तो कुशीवर वळला.

पहाटे फडफड ऐकून आम्ही धावलो. रानमांजर येऊन गेलं होतं. दोन कोंबड्या मरून पडलेल्या आणि एक नाहीशी झालेली. नाहीशी झालेली ती 'ठिपकी', धाकट्याच्या हातावर बसून दाणे खाणारी.

तो रडला नाही, काही बोललाही नाही. दिवसभर जेवला मात्र नाही. रात्री आजीजवळ जाऊन त्यानं सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आजी त्याला समजावेल, की जाऊ दे बाळा, तुझी काही चूक नाही. पण आजी तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "चूक तुझीच आहे. पण सात कोंबड्या अजून आहेत ना? चल, आज आपण दोघं मिळून कडी लावू."

त्या दिवसापासून आजतागायत कडी तोच लावतो. आणि त्यात एक गंमतही त्याला कळली. जूनमध्ये आमच्याकडे सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. कोंबड्या घड्याळ पाहत नाहीत, ऊन पाहतात. म्हणजे कडी लावायची वेळ दर महिन्याला थोडी थोडी सरकते. खेळ सोडून यायचं ते तिच्या वेळेला, आपल्या नव्हे!

मोठ्यांसाठी एक सूचना. आम्ही वापरली ती पातळ, मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची मजबूत जाळी घ्या आणि ती जमिनीत वीतभर पुरा. रानमांजर रात्री येतं, पण मुंगूस दिवसाउजेडी येतं आणि घार वरून येते. झाडाझुडपांचा आडोसा असला तर घारीपासून कोंबड्या वाचतात.

धडा तिसरा : अंड्याला घाई चालत नाही

"बाबा, अंडं कधी?" हा प्रश्न मला मार्चपासून रोज ऐकावा लागला. पहिलं अंडं मिळालं ते ऑगस्टात, म्हणजे कोंबड्या सहा महिन्यांच्या झाल्यावर. आकारानं लहान होतं ते, पण घरभर मिरवलं!

एक अंडं तयार व्हायला कोंबडीच्या पोटात साधारण 25 तास लागतात. त्यांतले 20 तास तर नुसतं कवच चढवायला! दिवस मात्र 24 तासांचा. म्हणून आज आठला घातलेलं अंडं उद्या नऊच्या पुढे, परवा आणखी उशिरा, असं होत होत एखाद्या दिवशी सुट्टी पडते. अंगणातली वनराज कोंबडी वर्षाला 100 ते 110 अंडी देते. गावठी कोंबडी त्याहूनही कमी देते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात आणि जुनी पिसं झडून नवी येतात तेव्हा ती बंदच पडतात. त्या दिवसांतही दाणापाणी रोज द्यावंच लागतं. ते काही बंद करता येत नाही!

एकदा अंडं उचललं तर बोट आतच गेलं, इतकं कवच पातळ! आमचं चुकलं होतं. कोंबड्यांना आम्ही तांदळाची कणी आणि उरलेला भातच घालत होतो. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. ते खाण्यातून मिळालं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. मग ताईनं समुद्रावरून शिंपल्या आणल्या, धुऊन वाळवल्या, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवल्या. सोबत अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं खाद्यही सुरू केलं. कवचं पुन्हा टणक झाली.

धडा चौथा : कोंबड्यांचं काय करायचं?

एक दिवसाच्या पिल्लांत नर कोण, मादी कोण, हे तुम्हा-आम्हाला ओळखता येत नाही. तीनेक महिन्यांनी तुरे लाल झाले, शेपट्या वाकल्या, आणि कळलं, उरलेल्या सातांत दोन कोंबडे आहेत. पुढे ते पहाटे चारलाच बांग देऊ लागले. शेजारची मुलगी दहावीत. रात्री जागून अभ्यास करायची. तिची आई एक दिवस हसत म्हणाली, "भाऊजी, तुमच्या कोंबड्यांना जरा सांगा हो!" हसत म्हणाली, पण आम्ही काय ते समजलो.

अंडी मिळायला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लं हवी असतील तर. एक कोंबडा वाडीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंना दिला, त्यांच्याकडे गावठी कोंबड्या आहेत. दुसऱ्याच्या बदल्यात दुसऱ्या वाडीतून एक तलंग आणली, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. त्या कोंबड्याचं पुढे काय होणार, हे ताईनं मला विचारलं. मी खोटं सांगितलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुमच्या घरी मांसाहार असो वा नसो, हा प्रश्न येणारच. आम्ही तो पिल्लं आणण्याआधी विचारात घ्यायला हवा होता. तुम्ही घ्या.

धडा पाचवा : डॉक्टर आणि साबण

कोंबड्यांचा एक भयंकर आजार म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. तो आला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, पण लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. आमच्या पिल्लांना ती दिली होती. एवढं एक काम आम्ही पहिल्याच फटक्यात बरोबर केलं!

कोंबड्या अचानक एकामागून एक मरू लागल्या, तर त्यांना हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. 2006 साली भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला, तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. आणि रोजची सवय म्हणजे कोंबडीला, अंड्याला, खुराड्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे. पिल्लू कितीही गोड असलं तरी त्याची पापी घ्यायची नाही!

आधी उत्तरं, मग पिल्लं

मग दोस्तांनो, पाळायच्या का कोंबड्या? जरूर पाळा! पण आधी आईबाबांबरोबर बसून पुढच्या प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा. संध्याकाळी कडी कोण लावणार? परीक्षेच्या दिवसांत, दिवाळीत गावाला गेल्यावर कोण बघणार? पिल्लांत कोंबडे निघाले तर काय करणार? अंडी बंद झाली, कोंबडी म्हातारी झाली, तर तिला ठेवणार का? तो कागद खुराड्याच्या दारावर लावा.

आमच्या घरी आता सहा कोंबड्या आहेत. परवा पुन्हा पाऊस आला, खेळ अर्धाच राहिला. सगळी पोरं ओसरीवर पळाली. आमचा धाकटा मात्र डोक्यावर पोतं घेऊन उलट्या दिशेला, परसाकडे पळत होता.