अंगावरचा डाग : कोड, नायटा की कुष्ठरोग? घाबरू नका, पण लपवूही नका

चलथाण (जि. सुरत) : दंडावर किंवा पाठीवर फिकट चट्टा दिसतो. दुखत नाही, खाजतही नाही. खोलीतला हिंदी बोलणारा सोबती सहज म्हणतो, ‘कोढ तर नाही ना?’ आणि माणसाची झोप उडते. चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात कामासाठी आलेली खानदेशातली अनेक कुटुंबे राहतात. डाग दिसला तर खोली सोडायला लावतील, काम जाईल, गावाकडे सोयरीक मोडेल, या भीतीने बरेच जण तो शर्टाखाली झाकतात. भीतीत वेळ जातो आणि खरे नुकसान तिथेच होते.

शब्दांचा घोळ

मराठीत ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. गुजरातीत मात्र ‘कोढ’ पांढऱ्या डागांनाच म्हणतात आणि कुष्ठरोगाला ‘रक्तपित्त’ हा शब्द आहे. मराठी माणसाला रक्तपित्त म्हटले की नाकातून रक्त येणे आठवते. त्यामुळे दवाखान्यात ‘रक्तपित्त’ची पाटी वाचूनही ती आपल्यासाठी आहे हे कळत नाही. दुसरीकडे, साधे कोड असलेल्याला विनाकारण महारोगी ठरवले जाते.

डाग कसा ओळखायचा?

• कोड : दुधासारखा पांढरा. स्पर्श नीट कळतो. हा संसर्ग नाही.
• शिबं : मान, छाती, पाठीवर बारीक फिकट ठिपके. घाम आणि दमट हवेत वाढणारी बुरशी.
• नायटा, गजकर्ण : गोल, कडा उठलेली, खूप खाज. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली तर आधी बरे वाटते, मग तो जास्त पसरतो.
• कुष्ठरोग : फिकट किंवा लालसर चट्टा, बहुधा खाज नाही आणि त्या जागी स्पर्श कळत नाही किंवा कमी कळतो.

डोळे मिटून दुसऱ्याला कापसाच्या वातीने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलके टेकवायला सांगावे. कुठे टेकले ते बोटाने दाखवता आले नाही, तर लगेच दवाखाना गाठावा. सुई टोचून किंवा चटका देऊन पाहू नये. स्पर्श कळला म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असेही नाही. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, भुवयांचे केस गळणे, कानाच्या पाळ्या जाड होणे, गरम लागूनही न कळणे ही लक्षणेही डॉक्टरांना सांगावीत.

कुष्ठरोग निघाला तर?

हा जंतूंमुळे होणारा आजार आहे; पाप, शाप किंवा करणी नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची शक्ती असते. हात मिळवल्याने किंवा सोबत जेवल्याने तो होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घकाळ जवळचा सहवास लागतो. गोळ्या सुरू झाल्या की रुग्णाकडून संसर्ग पसरणे थांबते. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण 6 महिने, जास्त असतील किंवा नसांवर परिणाम झाला असेल तर 12 महिने औषध. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. देशपातळीवर 2005 मध्ये रोग 10 हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्णांवर आला. तरी दक्षिण गुजरात आणि खानदेशात आजही नवे रुग्ण सापडतात.

गोळ्यांनी लघवी लाल होते, कातडी काळवंडते. हे बघून काही जण औषध सोडतात. लघवीचा रंग औषधाचाच असतो आणि कातडीचा रंग पुढे हळूहळू निवळतो. मात्र उपचाराला उशीर झाला, तर नसा निकामी होऊन बोटे वाकतात आणि ते व्यंग सहसा पूर्ण भरून येत नाही.

गावी जायचे असेल तर

दिवाळीला किंवा लग्नसराईत नंदुरबारकडची गाडी धरण्याआधी दवाखान्यात सांगावे. पुढच्या गोळ्या आणि उपचाराचे कार्ड सोबत घ्यावे. कार्यक्रम राष्ट्रीय असल्याने तेच औषध महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. घरच्यांचीही तपासणी करून घ्यावी.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद संसदेने 2019 मध्ये कायद्यातून काढून टाकली. खोलीतल्या सोबत्याच्या अंगावर डाग दिसला तर त्याला बाहेर काढण्यापेक्षा एक दिवस पाळी बदलून दवाखान्यात सोबत नेलेले बरे.