यंत्र नवे, हव्यास जुना

तंत्रज्ञान माणसाचा मूळ स्वभाव पालटू शकेल काय, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने पुन्हा विचारला जात आहे. उत्तरासाठी भविष्यात डोकावण्याची गरज नाही. सोनोग्राफीचा भारतातील अनुभव पुरेसा बोलका आहे.

मुलगी नको, ही भावना सोनोग्राफीने जन्माला घातली नाही. नवजात मुलींची हत्या रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारला १८७० मध्येच कायदा करावा लागला होता. पुढे शतकभराने गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी गर्भजल परीक्षा आली आणि पाठोपाठ सोनोग्राफी. साधने नवी होती. त्यांना विचारला गेलेला प्रश्न जुनाच होता. मात्र जे कृत्य पूर्वी डोळ्यांदेखत करावे लागे, ते आता तपासणीच्या पडद्याआड उरकता येऊ लागले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४५ होती. २००१ मध्ये ती ९२७ झाली. सुस्थित पंजाबात ती ८७५ वरून ७९८ वर घसरली. यंत्राने स्वभाव बदलला नाही, त्याला बळ दिले.

गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तो आवश्यकच होता. पण यंत्राला मोहोर लावता येते, इच्छेला नाही.

मग स्वभाव अटळ मानावा काय? दक्षिण कोरियाचा अनुभव तसे सांगत नाही. तेथे १९९० मध्ये दर शंभर मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मत होते. पुढील दोन दशकांत हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. सोनोग्राफी यंत्रे काही नाहीशी झाली नव्हती. कायद्याच्या जोडीला स्त्रियांचे शिक्षण व रोजगार वाढले आणि कुटुंबप्रमुखपद पुरुषाकडे सोपवणारी कायदेशीर पद्धतही अखेर रद्द झाली. मुलावाचून अडावे, अशी परिस्थितीच ओसरत गेली.

आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरीही बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, ही अपेक्षा अद्याप सुटलेली नाही. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यात व्यवस्थेचा वाटा असा मोठा असतो. म्हणूनच नव्या यंत्राचे स्वागत करताना धोरणकर्त्यांनी आधी विचारावे: ते समाजातील कोणती इच्छा सुलभ करणार आहे, आणि ती इच्छा कोणत्या व्यवस्थेवर पोसली जात आहे?