कलम घेताना खुंट विचारा



उसाचे बेणे घेताना आपण किती चौकस असतो! जात को ८६०३२ आहे ना, बेणेमळा किती महिन्यांचा, डोळे फुगीर आहेत ना, सगळे विचारतो. पण बांधावर लावायचे चिकूचे कलम घेताना फक्त भाव विचारतो आणि पिशवी उचलतो.

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. पवनाकाठच्या एका सभासदांनी आमच्या सांगण्यावरून बांधावर चिकूची बारा कलमे लावली. रोपे आम्हीच निवडून दिली होती. पाने तजेलदार दिसली, खुंट कोणता ते विचारले नाही. सहाव्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात पाच झाडे नेमकी जोडावर मोडली, सुरीने कापावीत तशी. जोडाच्या वर खोड जाड, खाली बारीक. महिनाभरात बुंध्याला फूट आली ती मोहाची! सभासद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, झाड परत लावीन, पण सहा वर्सं कुठनं आणू?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कलम म्हणजे सोयरीक. काडीचा आणि खुंटाचा सालीखालचा वाढीचा थर एकजीव झाला तरच जोड टिकतो. चिकू, खिरणी आणि मोह एकाच कुळातले. पण चिकूची खरी जवळीक खिरणीशी. खिरणी हळू वाढते, कलमाजोगी व्हायला दीड-दोन वर्षे घेते. म्हणून ते रोप महाग पडते आणि तिथेच काटकसर होते.

थंड मुलखातल्या नासपतीचेही असेच. हिमाचलात तिचे कलम कैंथ या रानटी नासपतीवर करतात. युरोपात क्विन्सच्या खुंटावर केले की झाड बुटके राहते, लवकर फळते. पण बार्टलेट जातीचे क्विन्सशी जमत नाही. मग दोघांशी पटणाऱ्या ब्यूरे हार्डी जातीचा तुकडा मध्ये घालतात. सोयरिकीत मध्यस्थ लागतो, तसेच हे!

आंब्याचे कलम आंब्याच्याच कोयीवर होते, तिथे ही काळजी नाही. चिकूचे कलम घेताना मात्र एवढे पाहा :

१) खुंट कोणता, ते पावतीवर लिहून घ्या.
२) जोडाखाली फूट असल्यास पान पाहा. खिरणीचे पान लहान, जाड, टोकाला बोथट व खाचेचे असते. मोहाचे पान मोठे, फांदीच्या टोकाशी झुपक्याने येते.
३) जोडाच्या वर-खाली जाडीत फार फरक असेल तर रोप परत करा.
४) लावताना जोड मातीच्या वर ठेवा. खुंटावरची फूट वेळोवेळी काढा.
५) लोणावळ्याकडच्या पावसात खड्ड्यात पाणी तुंबू देऊ नका.

त्या सभासदांनी पुन्हा पाच कलमे लावली आहेत. या खेपेस प्रत्येक पिशवीचा खुंट त्यांनी स्वतः पाहिला, आम्ही शेजारी उभे होतो. आपणही शंका आली तर रोप आधी गट कार्यालयात आणून दाखवा, मग खड्डा भरा.